कासवाचं पोट आणि उजवा कौल

अमेरिकेतल्या हर्नडनच्या डॉ. अहिल्या सामंत यांचा सगळ्यात आवडता पेशंट तीन हजार वर्षांपूर्वी वारला. वू डिंग त्याचं नाव. चीनच्या शांग घराण्याचा हा मोठा राजा, आणि त्याचा दात दुखत होता. आता दात दुखला तर माणसाने काय करावं? दाताच्या डॉक्टरकडे जावं. या गृहस्थाने हाड आणवलं, ते तापवून त्याला भेग पाडली आणि विचारलं, "हा दात आमचे वडील दुखवतायत का?" वडील केव्हाच स्वर्गवासी झालेले. अहिल्याकाकू म्हणत, "असले पेशंट माझ्याकडेही भरपूर यायचे. दाढ किडली की आधी बायकोला दोष, मग सासूच्या लाडवांना, आणि सगळं करून झालं की माझ्याकडे."

काकू स्वतः दातांच्या डॉक्टर. लग्न होऊन 1976 साली अमेरिकेत आल्या, इथल्या परीक्षा पुन्हा पहिल्यापासून दिल्या आणि व्हर्जिनियातल्या दोन पिढ्यांचे दात त्यांनी कोरले, भरले आणि उपटले. निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ यजमान प्रतापराव गेले. तेव्हा त्यांची जिवलग मैत्रीण शुभा म्हणाली, "भजनी मंडळात ये." काकूंचा आवाज भजनाला साथ देणाऱ्यांतला नव्हता, गप्प बसवणाऱ्यांतला होता. म्हणून त्यांनी वॉशिंग्टनमधल्या एका छोट्या संग्रहालयात स्वयंसेवक गाइडचं काम धरलं. दर शनिवारी मेट्रोने जायच्या आणि प्राचीन चीनच्या दालनात लोकांना फिरवायच्या.

हे दालन म्हणजे काकूंचं दुसरं क्लिनिकच झालं होतं. पहिल्या कपाटात जुन्या वस्त्यांतली रंगवलेली मडकी. त्यातल्या काही मडक्यांत त्या काळी लहान मुलांना पुरत आणि झाकणाला एक भोक ठेवत. कशाला, ते नक्की कोणाला माहीत नाही. काकूंच्या मते आईला आत डोकवावंसं वाटत असणार म्हणून. दुसऱ्या कपाटात फू हाओ राणीच्या कबरीची चित्रं. ही वू डिंगची बायको, सैन्य घेऊन लढाईवर जायची. तिची कबर सापडली तीही 1976 साली, आत कुऱ्हाडी, काशाची भांडी आणि केसांत खोचायचे हाडांचे शेकडो आकडे. "ती आणि मी एकाच वर्षी उजेडात आलो," असं काकू दर शनिवारी सांगत आणि दर शनिवारी स्वतःच सगळ्यात आधी हसत.

तिसऱ्या कपाटापाशी मात्र काकू गंभीर होत. तिथे एका कोरीव हाडाची प्रतिकृती होती. फू हाओ गरोदर असताना राजाने विचारलं होतं, बाळंतपण चांगलं होईल का? आणि खाली, नंतर जे घडलं ते कोरून ठेवलेलं: चांगलं झालं नाही, मुलगी झाली. इथे काकू, घरातली तिसरी मुलगी, चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "ज्या राजाला बायकोशिवाय लढाई जिंकता येत नव्हती, त्याने हे लिहून घेतलं. म्हणून त्याचा दात दुखला." इतिहासकार असं म्हणत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. गाइड लोकांची प्रमुख डेबी हिने तसं दोनदा सौम्यपणे सुचवलंही होतं.

पण काकूंचा खरा जीव होता चौथ्या कपाटात, कासवाच्या पोटाच्या कवचावर. शांग लोक या कवचाला प्रश्न विचारत. पाऊस पडेल का, शिकार मिळेल का, स्वारीवर जावं का. तेही दोन्ही बाजूंनी: एकदा "पडेल" म्हणून आणि एकदा "पडणार नाही" म्हणून. मग कवच तापवायचं, भेग पडली की राजाने ती बघून उत्तर सांगायचं. प्रश्न त्याच कवचावर कोरून ठेवायचा. चीनची सगळ्यात जुनी लिखापढी सापडली ती ही अशी. त्याआधी कित्येक वर्षं शेतात निघालेली ही हाडं ड्रॅगनची म्हणून औषधांच्या दुकानात विकली जात आणि लोक ती कुटून पोटात घेत. "केवढा इतिहास लोकांनी काढ्यात घालून पिऊन टाकला!" असं म्हणताना काकू खरोखर हळहळत.

हे सगळं काकूंना नवं वाटलंच नव्हतं. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याजवळचं. तिथे गावच्या रवळनाथाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, कोर्टकचेरी, सगळं विचारून होतं. म्हणून काकू कवचासमोर उभ्या राहून पब्लिकला आधी गाऱ्हाणं म्हणून दाखवत आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांकडून "व्हय म्हाराजा!" म्हणवून घेत. ओहायोहून आलेले आजीआजोबा आणि बेथेस्डाची शाळकरी पोरं चीनच्या दालनात एका सुरात "व्हय म्हाराजा" ओरडायची. त्यातले बरेच जण ते चिनी समजून घरी जात. डेबीने याही बाबतीत सौम्यपणे सुचवलं होतं.

आता काकूंची अडचण. मुलगा सिद्धेश चँडलरला, ॲरिझोनात, चिप बनवणाऱ्या कंपनीत. एकुलता एक. त्याने आणि राधिकाने नवं घर घेतलं, त्यात खालच्या मजल्यावर एक खोली, आतच बाथरूम, भिंतीला धरायला दांडा. खोलीचं नाव घर बांधून व्हायच्या आधीच "आईची रूम" पडलं. दर रविवारी व्हिडिओवर सिद्धेश विचारायचा, "आई, मग कधी येतेस?" येतेस का, असं त्याने कधी विचारलं नाही. आणि काकूंनीही कधी "नको" म्हटलं नाही. त्यांना जायचं नव्हतं. हे घर, शुभा, मेट्रो, शनिवार आणि तो दातदुख्या राजा सोडून वाळवंटात जाऊन बसायचं, ही कल्पनाच त्यांना नकोशी वाटायची. पण एवढ्या मायेने बोलावणाऱ्या लेकाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? ज्या बाईने भल्याभल्यांना "तोंड उघडा" म्हणून दरडावलं, तिचं स्वतःचं तोंड रविवारी उघडत नव्हतं.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी ठरवलं, रवळनाथालाच विचारायचं. देवाने सांगितलं की कोणी कोणाला बोलायला नको. खरं तर कौल घरी लावायचा नसतो, तो मान गुरवाचा. पण गुरव वेंगुर्ल्याला आणि आपण हर्नडनमध्ये, देव एवढं समजून घेईल, असं त्यांनी देवाच्या वतीने मान्य केलं. अंघोळ केली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चौरंगावर मांडलेल्या देवांपुढे दिवा लावला. ग्रोसरीतून आणलेल्या शेवंतीच्या दोन पाकळ्या घेतल्या. आणि इथे काकूंनी एक गोष्ट केली, ती सांगायला हवी. रवळनाथाच्या चांदीच्या टाकावर त्यांनी उजवी पाकळी चांगली भिजवून, अंगठ्याने दाबून, दात भरताना सिमेंट दाबतात तशी चिकटवली. डावी नुसती टेकवली. कोणी शिंकलं असतं तरी पडली असती.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "तुझी ही लेक परमुलखात तुझ्या फुड्यात उभी रवान गाराणा घालता. झील बोलवता. जावचा असात तर उजवो कौल दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा" म्हणायला घरात कोणी नव्हतं. तेही त्याच म्हणाल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग उजवी पाकळी थरथरली, वर उचलली गेली आणि सरळ खाली पडली. डावी होती तिथेच.

काकू खुर्चीत बसल्या. देवाने चोरी पकडली होती. आपण एवढी लबाडी करूनही देव उजवं देतो म्हणजे त्याच्या मनात काय असेल! त्यांना लाज वाटली, रडू आलं, आणि मग त्या ताडकन उठल्या आणि चँडलरला फोन लावला. "सिद्धू, येते मी," म्हणाल्या. "देवाने उजवा दिला." सिद्धेश एकदम "यस!" ओरडला आणि राधिकाने मागून विचारलं, "आईंच्या रूमला पडदे कुठल्या कलरचे?"

त्यानंतरचा महिना निरोपाचा. महाराष्ट्र मंडळाची माणसं निरोप द्यायला लागली की थांबत नाहीत. ज्यांच्याशी काकूंचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यांनीही जेवायला बोलावलं आणि पुरणपोळी खाऊ घालून गळा काढला. घरातलं सामान वाटून झालं. मोठा कुकर गेला, ढोकळ्याचं पात्र गेलं. कढीपत्त्याचं झाड शुभाकडे गेलं. इथे कढीपत्ता कुंडीत वाढवायचा, हिवाळ्यात पोरासारखा घरात घ्यायचा, खिडकीशी उन्हाला बसवायचा. ते झाड देताना काकूंनी दोन सूचना दिल्या आणि डोळे पुसले. संग्रहालयात डेबीने केक कापला आणि भाषणात म्हणाली, तुमची उणीव भासेल. "व्हय म्हाराजा"चीही, असंही म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

शेवटच्या शनिवारी शुभा मुद्दाम आली. इतकी वर्षं तिने या दालनात पाऊल टाकलं नव्हतं. ती पुण्याची. तिचं म्हणणं, हाडं बघायला मला पैसे देऊन कशाला जायला हवं, गुडघ्याचे एक्स-रे आहेत घरी. पण आज ती गर्दीच्या पुढे, पर्स छातीशी धरून उभी होती. काकूंनी मडकी दाखवली, राणी दाखवली, मुलगी झाली ते हाड दाखवलं आणि कासवापाशी आल्या. गाऱ्हाणं झालं, पब्लिक दणक्यात ओरडलं. मग काकूंनी प्रतिकृती हातात घेऊन उलटी केली. कवचाच्या मागच्या बाजूला ओळीने छोटे छोटे खड्डे कोरलेले होते. हा काकूंचा लाडका भाग, कारण हे काम थेट त्यांच्या धंद्यातलं.

"राजाचं सोडा," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "खरा कारागीर हा ड्रिलवाला. खड्डा किती खोल घ्यायचा हे त्याला नेमकं कळे. भेग कुठे पडणार ते इथेच ठरायचं. मग मागून या खड्ड्यात उष्णता द्यायची. समोरून बघणाऱ्याला वाटतं, भेग आपोआप पडली, पूर्वजांनीच पाडली. पण उष्णता येते ती मागून, आणि..."

काकू थांबल्या. त्यांनी कवच पुन्हा सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं. चौरंग त्यांच्या डोळ्यांपुढे आला. चौरंगाच्या उजव्या पायापाशी जमिनीत पितळी जाळी होती. त्या जाळीतून हीटरची गरम हवा येते.

"मेल्या!" काकू मोठ्याने म्हणाल्या.

हे कोणाला उद्देशून होतं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पब्लिकने तेही चिनी समजून आदराने मान डोलावली. शुभा पुढे आली. "काय गं? शुगर लो झाली का? गोळी देऊ?"

"शुभा, गाडी कुठे लावलीयेस?"

वाटेत काकूंनी सगळं सांगितलं, अंगठ्याने पाकळी दाबल्याचंसुद्धा. शुभाने एका सिग्नलला गाडी थांबवून त्यांच्याकडे नीट वळून बघितलं. "अहिल्या, तुझा तो राजा दोन्ही बाजूंनी विचारायचा ना? तू 'राहू का' असं विचारलंस का देवाला?"

"नाही."

"एवढा शिकलेला पेशंट आणि त्याच्याकडून काही शिकली नाहीस!"

घरी पोचल्यावर दोघींनी प्रयोग केला. शेवंती सुकली होती, म्हणून शुभाच्या अंबाड्यातल्या गजऱ्यातून पाकळ्या काढल्या. त्या टाकावर चिकटवल्या. काकूंनी भिंतीवरची, घर किती गरम ठेवायचं ते ठरवणारी थर्मोस्टॅटची गोल तबकडी फिरवली. खालून घरघर झाली, जाळीतून गरम झोत आला आणि उजवी पाकळी उडून शुभाच्या चष्म्यावर बसली.

"झालं," शुभा म्हणाली. "हा तुझा रवळनाथ."

"पण त्या दिवशी मी तबकडीला हात लावला नव्हता," काकू म्हणाल्या. "मी तर रोज उठले की हीटर कमी करते. हे यंत्र स्मार्ट आहे म्हणे, माणसाच्या सवयी शिकतं. दोन वर्षं शिकवतेय मी त्याला. ढ आहे अगदी. मी कमी केलं की साडेआठच्या सुमाराला हे आपलं आपण वाढवून ठेवतं."

ती तबकडी दोन वर्षांपूर्वी सिद्धेशने बसवली होती. हे आठवल्यावर काकूंनी फोन लावला. व्हिडिओवर सिद्धेश दिसला, मागे आईच्या खोलीत एक पडदा लागलेला, दुसरा राधिकाच्या हातात.

"सिद्धू, अरे, मला देवाने सांगितलंच नव्हतं. हीटरने सांगितलं."

त्याला सगळं कळायला बराच वेळ लागला, कारण शुभा मधे मधे बोलत होती. कळल्यावर तो म्हणाला, "आई, कधी लावला होतास तो कौल? सकाळी?"

"हो. साडेआठच्या आसपास."

"म्हणजे इथे साडेसहा." त्याने कपाळावर हात मारला. "ओ गॉड. आई, तो मी होतो."

"तू कसा?"

"ते थर्मोस्टॅट माझ्या फोनवर आहे. तू रोज सकाळी ते सिक्स्टी-फोर फॅरनहाइट करतेस. मी उठलो की फर्स्ट थिंग तेच चेक करतो. कमी केलेलं दिसलं की कळतं, आई उठली, बरी आहे. मग मी सेव्हंटी करतो आणि ब्रश करायला जातो. रोजचंच आहे ते."

काकू भिंतीवरच्या तबकडीकडे बघत राहिल्या. शुभानेच विचारलं, "आणि कमी केलेलं दिसलं नाही तर रे?"

"एकदा नव्हतं दिसलं. मंडळाच्या संक्रांतीनंतर. तेव्हा मी तुलाच फोन केला होता ना, मावशी."

"अगं बाई!" शुभा म्हणाली. "तरी म्हटलं, हा सकाळी सकाळी कटाच्या आमटीची रेसिपी का विचारतोय, आणि वर 'आईकडे जाऊन तिचा मसाला बघून सांग' का म्हणतोय! मी नाइटगाउनवर गेले होते!"

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दोन वर्षं त्या रोज सकाळी ज्या यंत्राला ढ म्हणत होत्या ते यंत्र नव्हतंच, पोर होतं त्यांचं. दोन हजार मैलांवरून त्यांची नाडी बघत होतं आणि पाय गरम ठेवत होतं. त्यांना त्याच्याविषयी इतकी माया दाटून आली की त्या क्षणी त्यांनी दुसरा पडदाही लावायला सांगितला असता. पण मग त्यांना कासव आठवलं.

"सिद्धू," त्या नाक पुसून म्हणाल्या, "मला विचार. देवाला मी विचारलं, तू मला 'कधी' विचारलंस, पण मला कोणी धड विचारलंच नाही. नीट विचार. दोन्ही बाजूंनी."

सिद्धेशने राधिकाकडे बघितलं. राधिकाने हातातला पडदा खाली ठेवला.

"आई, तुला चँडलरला यायचंय का?"

काकूंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"आई," त्याचा आवाज जरा बसला, "तुला तिथेच राहायचंय का?"

"व्हय म्हाराजा," काकू म्हणाल्या.

सिद्धेशला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, आणि काकूंनाही ते बघून वाईट वाटलं, पण ते आता दोघांनी मिळून वाटून घ्यायचं होतं. शेवटी तो म्हणाला, "ओके. पण सिक्स्टी-फोर इज टू कोल्ड, यार आई."

"स्वेटर असतो माझ्या अंगात. आणि पुढच्या हिवाळ्यात येईन की महिनाभर. पडदे राहू देत."

निरोप परत घेणं हे निरोप देण्याहून अवघड असतं. ज्यांनी पुरणपोळ्या केल्या होत्या ते थोडे नाराज झाले, आणि एकांनी तर त्या वाया गेल्याचं बोलूनही दाखवलं. मोठा कुकर परत आला, ढोकळ्याचं पात्र आलं नाही. कढीपत्ता शुभाने आणून दिला, पण निम्मा ओरबाडून. महिनाभर सांभाळल्याची मजुरी, म्हणाली. डेबीला काकूंनी कळवलं तेव्हा ती फोनवर दोनच शब्द म्हणाली, आणि ते चिनी नव्हते.

सिद्धेशशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकू नेहमीप्रमाणे उठल्या होत्या. तबकडी चौसष्टवर आणली. अंघोळ केली, देवांना फुलं वाहिली, आणि पाकळ्या कुठेही न चिकटवता चहाचा कप घेऊन चौरंगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. चपला काढून पाय जाळीवर ठेवले. चहा संपत आला तसं खालून घरघर झाली आणि गरम वारा तळव्यांना लागला.

"उठलास, बाळा?" काकू म्हणाल्या.